माहितीस्रोतांची विश्वसनीयता

माहितीस्रोतांची विश्वसनीयता : एखादी माहिती ज्या व्यक्तीकडून, कागदातून, ग्रंथातून, यंत्रातून किंवा संदेशातून आपणापर्यंत पोहोचते, तो त्या माहितीचा स्रोत होय. अशा स्रोतावर कितपत व कोणत्या बाबतीत विसंबून राहावे, याचा पद्धतशीर निर्णय करण्याच्या विचारास विश्वसनीयतेची चिकित्सा असे म्हणतात. इतिहाससंशोधन, न्यायदान, वृत्तपत्रव्यवसाय व विज्ञान या सर्व क्षेत्रांत ही चिकित्सा करावी लागते. विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकीय महाजालाचा प्रसार झाल्यानंतर ती केवळ तज्ज्ञांचे काम राहिली नाही. प्रत्येक सुशिक्षित नागरिकाला ती दररोज करावी लागते. तथापि तिची मूलतत्त्वे नवी नाहीत. भारतीय प्रमाणशास्त्रात आणि महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनाच्या परंपरेत ती फार पूर्वीच स्पष्टपणे मांडली गेली आहेत.

प्राचीन भारतीय विचार : न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशी चार प्रमाणे मानली. त्यांपैकी शब्द म्हणजे आप्ताचा उपदेश. आप्त कोणास म्हणावे, याचे विवेचन न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने केले आहे. ज्याला विषयाचे साक्षात ज्ञान आहे आणि जे जसे जाणले तसेच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त होय. या व्याख्येत दोन स्वतंत्र अटी आहेत : एक जाणकारीची व दुसरी प्रामाणिकपणाची. प्रामाणिक माणूस अजाण असू शकतो आणि जाणकार माणूस हेतुपुरस्सर खोटे सांगू शकतो. म्हणून दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असेही भाष्यकाराने म्हटले आहे. आप्तता ही जन्मावर किंवा अधिकारपदावर अवलंबून नाही, हा या विचाराचा महत्त्वाचा निष्कर्ष होय.

याच संदर्भात ऐतिह्याची चर्चा येते. ज्याचा मूळ वक्ता निर्दिष्ट केलेला नाही, अशी तोंडातोंडी चालत आलेली वदंता म्हणजे ऐतिह्य. पौराणिकांनी त्यास स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी मात्र तसे न मानता त्याचा अंतर्भाव शब्दातच केला. याचा अर्थ, अशा वार्तेलाही आप्ततेची कसोटी लागू होते आणि मूळ वक्ताच ज्ञात नसेल, तर ती कसोटी लावता येत नाही. ‘कोणीतरी सांगितले’ या आधारावर पसरणाऱ्या आजच्या संदेशांचे हे वर्णन तंतोतंत ठरते.

साधनचिकित्सेचा विकास : यूरोपात साधनचिकित्सेचा प्रारंभ प्रबोधनकाळात झाला. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पोपला दिल्याचे सांगितले जाणारे दानपत्र बनावट असल्याचे लोरेन्झो व्हाल्ला (१४०७–५७) या इटालियन पंडिताने १४४० मध्ये दाखवून दिले. दानपत्रातील लॅटिन भाषा व काही शब्द चौथ्या शतकातील असू शकत नाहीत, हा त्याचा मुख्य आधार होता. झां माबीयाँ (१६३२–१७०७) या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६८१ मध्ये जुन्या सनदांचे लेखनसाहित्य, अक्षरवळण, मुद्रा व मजकुराची ठराविक मांडणी यांवरून त्यांचा अस्सलपणा ठरविण्याचे शास्त्र मांडले. एकोणिसाव्या शतकात लेओपोल्ट फोन रांके (१७९५–१८८६) या जर्मन इतिहासकाराने समकालीन मूळ कागदांवर भर दिला. लांग्ल्वा व सेन्योबो या फ्रेंच इतिहासकारांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बहिरंग परीक्षण व अंतरंग परीक्षण अशी विभागणी रूढ केली. कागद खरोखर त्या काळाचा व त्या लेखकाचा आहे काय, हे बहिरंग परीक्षणात पाहतात. तो अस्सल असला, तरी त्यातील विधान खरे मानावे काय, हे अंतरंग परीक्षणात पाहतात. कागदाचा अस्सलपणा व विधानाचा खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या विभागणीमुळे स्पष्ट झाले.

महाराष्ट्रातील परंपरा : मराठ्यांचा इतिहास प्रारंभी मुख्यतः बखरींवरून सांगितला जात असे. बखरींचे मोल एकसारखे नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर जिंजी येथे राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून १६९४–९७ च्या सुमारास लिहिली. शिवाजीमहाराजांच्या मृत्यूस त्या वेळी दीड दशक होत आले होते, पण लेखक त्या काळाचा साक्षीदार होता. मल्हार रामराव चिटणीस याची बखर मात्र १८१० च्या सुमाराची, म्हणजे घटनांनंतर शतकाहून अधिक काळ लोटल्यावरची आहे. असे असले, तरी चिटणिसाच्या घराण्याकडे राज्याचा पत्रव्यवहार असल्यामुळे त्याला जुने कागद उपलब्ध होते. म्हणून उत्तरकालीन साधन सरसकट त्याज्य आणि समकालीन साधन सरसकट ग्राह्य, असा सोपा नियम करता येत नाही.

ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासाचे (१८२६) परखड परीक्षण नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ च्या सुमारास केले. १८७८ मध्ये काशीनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक यांनी काव्येतिहास-संग्रह हे मासिक सुरू करून जुन्या बखरी व पत्रे छापण्यास प्रारंभ केला. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे (१८६३–१९२६) यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. गावोगावची दप्तरे धुंडाळून त्यांनी अस्सल पत्रे मिळविली आणि बखरीतील हकीकत व पत्रांतील हकीकत यांतील तफावत दाखवून दिली. १९१० मध्ये पुणे येथे भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाल्यावर या कामास संस्थेचे स्थैर्य लाभले.

मराठी कागदांच्या परीक्षणात कालगणनेला विशेष महत्त्व आहे. एकाच पत्रावर शक, संवत्सर, मास, तिथी, वार व शुहूर सन आढळू शकतात. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळविले असता इसवी सन मिळतो. तिथी व वार यांचा मेळ गणिताने तपासता येतो. खोटा कागद तयार करणाऱ्याला शिक्का, मोर्तब व मायना यांची नक्कल साधली, तरी तिथिवारांचा मेळ साधणे कठीण जाते.

या सर्व कसोट्या एकत्र लागू झाल्याचे ठळक उदाहरण शिवजन्मतिथीच्या निर्णयात दिसते. बखरींच्या आधारे शके १५४९ मधील वैशाख, म्हणजे एप्रिल–मे १६२७ चा काळ दीर्घकाळ प्रचलित होता. कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातील शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी मिती आहे. पुढे कवींद्र परमानंदाच्या शिवभारत या संस्कृत काव्यातही तीच तिथी मिळाली. या काव्याची हस्तलिखित प्रत तंजावरास होती आणि ते १९२७ मध्ये छापले गेले. जोधपूर येथील एका जुन्या कुंडलीसंग्रहातही याच तिथीची कुंडली आढळली. मावळ, तंजावर व जोधपूर ही स्थळे एकमेकांपासून शेकडो कोस दूर आहेत आणि त्या साधनांनी एकमेकांची नक्कल केली असण्याचा संभव नाही. तिथी व वार यांचा मेळही गणिताने बसतो. ही मिती तत्कालीन जूलियन पंचांगानुसार १९ फेब्रुवारी १६३० येते. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये ही तारीख स्वीकारली. येथे निर्णय साधनांच्या संख्येवर झालेला नाही. जुनी तारीख देणाऱ्या बखरी संख्येने कमी नव्हत्या. त्यांपैकी अनेक एकमेकींवर किंवा समान परंपरेवर आधारलेल्या असल्यामुळे त्यांची साक्ष वस्तुतः एकाच साक्षीदाराची ठरते, उलट नवी साधने परस्परांपासून स्वतंत्र होती.

मुद्रण व उत्तरदायित्व : मुद्रणामुळे माहितीचा प्रसार वाढला, पण त्याबरोबर तिच्या उगमाची नोंद ठेवण्याची व्यवस्थाही निर्माण झाली. १८६७ च्या मुद्रण व पुस्तक नोंदणी कायद्यानुसार भारतात छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर व वृत्तपत्रावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ, आणि पुस्तक वा पत्र प्रकाशित झाले असल्यास प्रकाशकाचे नाव व प्रकाशनस्थळ देणे बंधनकारक झाले. त्यामागे राज्यकर्त्यांचा नियंत्रणाचा हेतू होता. तथापि वाचकाच्या दृष्टीने त्याचा एक लाभ असा झाला, की छापील मजकुराला नेहमी कोणीतरी उत्तरदायी असे. नियतकालिकांच्या नोंदणीसाठी २०२३ मध्ये नवा कायदा करण्यात येऊन जुना कायदा रद्द झाला.

छापील शब्दाबरोबर तोंडी वदंताही चालूच राहिली. मुंबईत १८९६ मध्ये ग्रंथिक संनिपाताची (प्लेगची) साथ आली, तेव्हा रुग्णालयात नेलेल्यांना मुद्दाम मारले जाते, अशी समजूत पसरली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये गिरणी-कामगारांच्या जमावाने ऑर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. वदंता खोटी होती, पण सक्तीच्या विलगीकरणाची भीती खरी होती. ज्या अधिकाऱ्यांवर लोकांचा विश्वास नाही, त्यांचा खुलासाही विश्वसनीय वाटत नाही, हे या घटनेतून दिसते. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणेशमूर्ती दूध पितात ही वार्ता प्रामुख्याने दूरध्वनीवरून काही तासांत देशभर व परदेशांतही पोहोचली. वार्ता वेगाने पसरण्यासाठी महाजालाची गरज नसते. त्याच्यामुळे तो वेग नित्याचा झाला, एवढेच.

महाजालाचे वेगळेपण : भारतात सर्वसामान्यांसाठी महाजालाची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. प्रारंभी मराठी मजकूर भिन्न भिन्न टंकांत असल्यामुळे एका संगणकावरील लेखन दुसऱ्यावर वाचता येत नसे. यूनिकोड या सामायिक संकेतप्रणालीचा स्वीकार झाल्यावर ही अडचण दूर झाली. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. मराठी विश्वकोशाचे खंडही पुढे महाजालावर वाचनास खुले झाले. स्वस्त भ्रमणध्वनी व स्वस्त सेवा यांमुळे २०१६ नंतर खेड्यापाड्यांतही हे माध्यम पोहोचले.

या माध्यमाने विश्वसनीयतेच्या चिकित्सेपुढे काही नव्या अडचणी उभ्या केल्या. मजकूर, छायाचित्र किंवा ध्वनिफीत मूळ स्थानापासून तोडून कितीही वेळा पुढे पाठविता येते व त्या क्रियेत कर्त्याचे नाव, दिनांक व संदर्भ गळून पडतात. नक्कल मूळाइतकीच स्वच्छ असते. शतकापूर्वीच्या कागदावर दिसणारा जीर्णपणा तिच्यावर दिसत नाही. शोधयंत्र जो क्रम लावते, तो खरेपणाचा क्रम नसतो. एकच चुकीचे विधान शेकडो संकेतस्थळांवर आढळले, म्हणजे शेकडो साक्षीदार मिळाले, असा भास होतो. प्रत्यक्षात ती बहुधा एकाच मजकुराची नक्कल असते. बखरींच्या बाबतीत जो दोष राजवाडे व त्यांच्या समकालीनांनी दाखविला, तोच येथे मोठ्या प्रमाणावर आढळतो. २०२२ च्या अखेरीपासून संभाषण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणा सर्वांना उपलब्ध झाल्या. त्या सुबक भाषेत उत्तर देतात, पण प्रसंगी अस्तित्वात नसलेले ग्रंथ व लेख आधार म्हणून सांगतात. भाषेच्या सफाईवरून लेखकाची योग्यता ओळखण्याची जुनी सवय त्यामुळे निरुपयोगी ठरते.

राईनपाडा येथील घटना : विश्वसनीयतेचा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाही, हे १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा या गावी घडलेल्या घटनेने दाखवून दिले. मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत असल्याचे संदेश व चित्रफिती त्या काळात व्हॉट्सॲपवरून देशाच्या अनेक भागांत पसरल्या होत्या. भिक्षेसाठी आलेल्या, सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा परिसराच्या नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतील पाच जणांना जमावाने संशयावरून मारहाण केली व त्यात ते मरण पावले. गावोगाव हिंडून उपजीविका करणे हा त्यांचा पिढीजात परिपाठ होता. तोच संशयाचे कारण ठरला. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठविलेल्या संदेशांवर तशी खूण दाखविण्यास प्रारंभ केला व भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पाठविण्यावर मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार पाठविलेल्या संदेशांसाठी ती मर्यादा एकावर आणण्यात आली. या उपायांनी वेग कमी होतो. संदेश खरा की खोटा, हे त्यांनी कळत नाही. ते ठरविण्याचे काम अखेर वाचणाऱ्याकडेच राहते.

लोहारा तालुका—एक उदाहरण : एखाद्या साध्या स्थळाविषयी माहिती मिळविताना कोणते प्रश्न उपस्थित होतात, हे धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातील लोहारा या तालुक्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल.

पहिला प्रश्न नावाचा. लोहारा नावाची अनेक गावे आहेत. यवतमाळ शहरालगत एक लोहारा आहे. छत्तीसगढमध्ये बालोद जिल्ह्यात डौंडी लोहारा व कबीरधाम जिल्ह्यात सहसपूर लोहारा आहे. शोधयंत्राला केवळ नाव दिले, तर यांची माहिती एकमेकांत मिसळते. म्हणून कोणतेही विधान वापरण्यापूर्वी ते कोणत्या लोहाऱ्याचे, हे जिल्हा व तालुका यांवरून निश्चित करावे लागते. जिल्ह्याचे नावही स्थिर नाही. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी व निजामी कागदांत हा जिल्हा नळदुर्ग या नावाने येतो; विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून उस्मानाबाद या नावाने व २०२३ पासून धाराशिव या नावाने. ही तीन नावे देणारी साधने परस्परविरोधी नाहीत. ती वेगवेगळ्या काळांची आहेत.

दुसरा प्रश्न सीमांचा. १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर जिल्हा निर्माण झाला. १९८१ च्या जनगणनेतील जिल्ह्याचे आकडे व १९९१ चे आकडे शेजारी ठेवले, तर लोकसंख्या मोठ्या प्रमाणात घटल्याचा भास होईल. प्रत्यक्षात क्षेत्रच लहान झालेले आहे. लोहारा तालुका १९९९ मध्ये, मुख्यत्वे उमरगा तालुक्यातील गावे घेऊन, अस्तित्वात आला. त्यामुळे १९९१ च्या जनगणनेत तो तालुका म्हणून सापडणार नाही.

तिसरा प्रश्न एका मोठ्या घटनेविषयीचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी या परिसरात विनाशकारी भूकंप झाला. तो किल्लारी किंवा लातूरचा भूकंप म्हणून ओळखला जातो, कारण किल्लारी हे गाव लातूर जिल्ह्यात आहे. या नावावर विसंबणाऱ्या वाचकाचा समज असा होईल, की हानी लातूर जिल्ह्यापुरतीच होती. वस्तुतः उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर व आसपासची गावेही उद्ध्वस्त झाली. सास्तूर १९९३ च्या अहवालांत उमरगा तालुक्यात दाखविलेले आढळते. आजच्या याद्यांत ते लोहारा तालुक्यात आहे. दोन्ही नोंदी आपापल्या दिनांकास खऱ्या आहेत. दिनांक न देता केलेली नोंद मात्र वाचकाची दिशाभूल करते.

मृतांच्या संख्येबाबतही साधनांत फरक आहे. शासकीय अहवालांत ती ७,९२८ अशी येते, तर अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेच्या नोंदीत ९,७४८ अशी आढळते. भूकंपाची महत्ता कोठे ६·२, कोठे ६·३, तर कोठे ६·४ दिलेली असते. महत्तेच्या बाबतीत हा फरक प्रामुख्याने मापनाच्या भिन्न श्रेणींमुळे पडतो. भूकंपलहरींचा कोणता प्रकार मोजला, यावर आकडा अवलंबून असतो. मृतांच्या आकड्यांची तुलना करताना गणना कोणी केली, ती कोणत्या दिवसापर्यंतची व कोणत्या क्षेत्राची, हे विचारावे लागते. अशा वेळी एक आकडा निवडून दुसरा खोटा म्हणण्यापेक्षा दोन्ही आकडे त्यांच्या उगमासह देणे, ही चिकित्सक लेखनाची रीत होय.

या भूकंपापूर्वी हा प्रदेश भूकंपप्रवण विभागांच्या अधिकृत नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. तथापि १९९२ मध्ये किल्लारीच्या परिसरात लहान धक्क्यांची मालिका जाणवली होती. नकाशा अधिकृत होता आणि तो तज्ज्ञांनी तयार केला होता. परंतु तो तोवर ज्ञात असलेल्या भूकंपांच्या व भूरचनेच्या माहितीवर आधारलेला होता. रहिवाशांचा अनुभव अशास्त्रीय होता, पण प्रत्यक्ष होता. २००२ मध्ये सुधारलेल्या नकाशात या परिसराचा समावेश तिसऱ्या विभागात करण्यात आला. अधिकृत साधन हे नेहमीच अंतिम साधन नसते, हा धडा यातून मिळतो. मात्र ते दुरुस्त करता येते व दुरुस्तीची तारीख नोंदलेली असते, हे त्याचे बळही येथे दिसते.

भूकंपाच्या कारणांविषयीही मतभेद झाले. लोहारा तालुक्यातील माकणी येथील निम्न तेरणा जलाशयाशी भूकंपाचा संबंध असावा, असे काही अभ्यासकांनी सुचविले. इतरांनी ते मान्य केले नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाच्या बाबतीत जलाशयाचा संबंध बहुतेक शास्त्रज्ञांना मान्य आहे, तसे एकमत येथे झाले नाही. ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केले’ अशा शब्दांत यांपैकी एकच बाजू मांडणारा मजकूर आढळला, तर तो अपुरा समजावा. याउलट ‘आज रात्री अमुक वाजता भूकंप होणार’ असा संदेश आला, तर त्याचा उगम शोधण्याचीही आवश्यकता राहत नाही. भूकंपाची वेळ आधी निश्चित सांगण्याची कोणतीही विश्वसनीय पद्धत विज्ञानास उपलब्ध नाही. ज्या परिसराने १९९३ ची पहाट पाहिली, तेथे असा संदेश लोकांना थंडीवाऱ्यात घराबाहेर काढू शकतो आणि तो वारंवार खोटा ठरल्यास सावधगिरीच्या खऱ्या सूचनेवरील विश्वासही उडवू शकतो.

चौथा प्रश्न दप्तराचा. १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात असल्यामुळे येथील जुने महसुली कागद बहुतांशी उर्दूत असून त्यांवर फसली सन आढळतो. दख्खनी फसलीत ५९० किंवा ५९१ मिळविल्यास इसवी सन येतो, तर उत्तर हिंदुस्थानातील फसलीत ५९२ किंवा ५९३ मिळवावे लागतात. दोन्हींची गल्लत झाली, तर नोंद दोन वर्षांनी सरकते. अलीकडे या कागदांना मोठे सामाजिक महत्त्व प्राप्त झाले आहे. मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या तपासणीसाठी शासनाने २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयात हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेण्यात आला. अशा प्रसंगी जुन्या पृष्ठांची छायाचित्रे भ्रमणध्वनीवरून सर्वत्र फिरतात. गॅझेटियर लोकसमूहांचे वर्णन व संख्या देते, व्यक्तीचे नाव देत नाही. गावदप्तरातील नोंद व्यक्तीचे नाव देते, समूहाची संख्या देत नाही. दोन्ही साधने अस्सल असली, तरी एका साधनाला दुसऱ्याचा प्रश्न विचारून चालत नाही. पृष्ठ कोणत्या ग्रंथाचे, कोणत्या वर्षाचे व त्याच्या मागेपुढे काय आहे, हे कळल्याशिवाय केवळ छायाचित्रावरून कोणताही पक्ष सिद्ध वा असिद्ध होत नाही.

परीक्षणाच्या कसोट्या : वरील विवेचनावरून काही सर्वमान्य कसोट्या सांगता येतात. माहितीचा मूळ कर्ता कोण व त्यास ती कशी ज्ञात झाली, ही पहिली कसोटी. माहिती कोणत्या दिनांकाची व कोणत्या स्थळाची, ही दुसरी. ती सांगण्यात कर्त्याचा कोणता हेतू वा हितसंबंध संभवतो, ही तिसरी. तिला स्वतंत्र उगमाच्या दुसऱ्या साधनाचा आधार आहे काय, ही चौथी. आणि आपल्यापुढील प्रश्नाचे उत्तर देण्याची त्या साधनाची योग्यता आहे काय, ही पाचवी. छायाचित्राच्या बाबतीत ते पूर्वी कोठे व केव्हा प्रसिद्ध झाले, याचा उलट शोध घेता येतो. जुन्या वा परक्या देशातील घटनेचे छायाचित्र नव्या घटनेचे म्हणून दिले जाणे, हा नित्य आढळणारा प्रकार आहे.

अमेरिकेतील ग्रंथपालांनी महाजालावरील मजकुरासाठी प्रश्नांच्या याद्या तयार केल्या व त्या शाळा-महाविद्यालयांत रूढ झाल्या. तथापि संकेतस्थळाची मांडणी, त्यावरील ‘आमच्याविषयी’चा मजकूर किंवा त्याचे भारदस्त नाव यांवर भर देणारी परीक्षा सहज फसते, कारण या सर्व गोष्टी संकेतस्थळाच्या चालकाच्याच हाती असतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग व सेरा मॅक्ग्रू यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यपरीक्षक व २५ विद्यार्थी यांच्या वाचनाची तुलना केली. विद्यार्थी व अनेक इतिहासकारही एकच पान वरपासून खालपर्यंत काळजीपूर्वक वाचत राहिले व फसले. तथ्यपरीक्षकांनी मात्र ते पान लवकर सोडून त्या संस्थेविषयी इतरांनी काय म्हटले आहे, ते पाहिले व थोड्या वेळात अधिक अचूक निर्णय केला. साधनाची पारख साधनाच्या बाहेर जाऊन करावी, हे तत्त्व शिवजन्मतिथीच्या निर्णयातही दिसून येते. महाजालावर ते अधिक त्वरेने अवलंबावे लागते.

निर्णयाचा अधिकार : खऱ्याखोट्याचा निर्णय कोणी करावा, हा प्रश्न कायद्याच्या क्षेत्रातही उपस्थित झाला. केंद्र शासनाच्या कारभाराविषयीचा महाजालावरील मजकूर खोटा वा दिशाभूल करणारा आहे काय, हे ठरविण्यासाठी शासकीय तथ्यपरीक्षण कक्षाची तरतूद २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत करण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ती घटनाबाह्य ठरवून रद्द केली. ज्याच्याविषयीची माहिती तपासावयाची, तोच अंतिम परीक्षक असू नये, हा आक्षेप साधनचिकित्सेच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. स्वतंत्र तथ्यपरीक्षण करणाऱ्या संस्था देशात कार्यरत आहेत. त्यांचे मोल त्या निष्कर्ष देतात यात जितके आहे, त्याहून अधिक त्या निष्कर्षापर्यंतचा मार्ग वाचकास दाखवितात यात आहे. जो परीक्षक आपला आधार दाखवीत नाही, तोही पुन्हा एक अनिर्दिष्ट वक्ताच ठरतो.

विश्वसनीयतेची चिकित्सा म्हणजे सार्वत्रिक अविश्वास नव्हे. प्रत्येक गोष्टीवर अविश्वास ठेवणारा माणूस खरी सूचनाही नाकारतो आणि मुंबईच्या १८९६ च्या साथीतील जमावाप्रमाणे त्याची हानी ओढवून घेतो. कोणत्या साधनावर, कोणत्या प्रश्नापुरते व कोठपर्यंत विसंबावे, हे ठरविणे हाच या चिकित्सेचा उद्देश होय. मूळ वक्ता ज्ञात नसलेली वार्ता पुढे न पाठविणे हा तिचा सर्वांत साधा व प्रत्येकास पाळता येण्याजोगा नियम असून राईनपाड्याच्या पाच जणांचे प्राण तेवढ्याने वाचण्याचा संभव होता.